वाटेवरचा मुलूख

"तुमची अहिराणी म्हणजे निम्मी गुजरातीच ना?" पुण्या-मुंबईत खान्देशी माणसाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक अख्खा सिद्धान्त बसलेला असतो: मराठीला एक गाभा आहे, गुजरातीला एक गाभा आहे, आणि दोन्हींपासून लांब, हद्दीवर, एकीचा रंग दुसरीत उतरतो. तिथं जे तयार झालं ते खान्देश. बोली असो, जेवण असो की सण, 'शेजार' हा शब्द उच्चारला की सगळ्याचा उलगडा झाला.

हा सिद्धान्त सोपा आहे, पण तपासायला घेतला की टिकत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: खान्देशाला हद्द मिळाली १९६० साली. त्याआधी किमान साडेतीन हजार वर्षं हा मुलूख म्हणजे एक वाट होती, आणि आजही तो वाटेसारखाच वागतो. या वाटेनं कोण येणार हे भूगोलानं ठरवलं. आलेल्यांपैकी कोण टिकणार, कुठं टिकणार आणि कोणत्या पायरीवर बसणार, हे पाण्यानं आणि जमिनीच्या मालकीनं ठरवलं. यातलं एक सोडून दुसरं धरलं की जळगाव-धुळ्याची माणसं समजत नाहीत.

१. भिंती आणि दारं

नकाशा उभा न धरता आडवा वाचला पाहिजे. महाराष्ट्राच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेला सुरतेच्या समुद्राकडे निघते. तिच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. मध्ये काळ्या जमिनीची लांबट पट्टी. गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर या दक्षिणेकडच्या नद्या तिला येऊन मिळतात. अजिंठ्याची लेणी ज्या वाघूरच्या वळणावर कोरली आहेत, तिचं पाणीही अखेर तापीतच येतं. म्हणजे पाण्याच्या हिशेबानं अजिंठा मराठवाड्याइतकाच खान्देशाचा!

भिंतींना दारं मोजकी आहेत. ईशान्येला बऱ्हाणपूर आणि असीरगडची खिंड, म्हणजे उत्तरेतून दख्खनेत उतरण्याचा राजरस्ता. शिरपूरच्या वर आग्रा रोडवरचा बिजासन घाट. दक्षिणेला चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट. पश्चिमेला साक्री आणि नवापूरच्या मधला कोंडाईबारीचा घाट, त्याच्या पलीकडे जंगल आणि मग सुरतेचं मैदान.

आणि पूर्वेला? तिथं दार शोधायचं कारणच नाही, कारण भिंतच नाही. भुसावळहून मलकापूरकडे जाताना गाडीतल्या माणसाला खान्देश संपून वऱ्हाड कधी लागलं हे स्टेशनच्या पाटीवरूनच कळतं. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि पूर्णेचं मैदान सरळ अकोल्याकडे उघडतं. गुजरातशी खान्देशाचा शेजार आहे खरा, पण मध्ये घाट आणि रान आहे. वऱ्हाडाशी जो आहे तो अंगणातला.

२. शेजाराचा सिद्धान्त कुठं मोडतो

कुठलाही सिद्धान्त खरा असेल तर त्यातून एक भाकीत निघालं पाहिजे. संस्कृती शेजारातून पाझरत असेल, तर जो भाग गुजरातला जितका जवळ तितका तो जास्त गुजराती वळणाचा असायला हवा. प्रत्यक्षात काय दिसतं?

सगळ्यात जवळ नवापूर. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं. तिथली घरची बोली मावची, म्हणजे भिल्ल कुळातली. ती गुजरातीही नाही आणि अहिराणीही नाही. सगळ्यात लांबचं टोक रावेर, यावल, मुक्ताईनगर. तिथल्या लेवा पाटीदार समाजाची परंपरा मात्र आपलं मूळ गुजरातेत सांगते. या लोकांची बोली सर्वांत जास्त गुजराती असायला हवी होती. ती आहे लेवा गणबोली, आणि तिचा कल वऱ्हाडीकडे आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच बोलीत ओव्या रचत होत्या. त्यांची भाषा अहिराणी असं अजून सर्रास लिहिलं जातं. ज्याला आसोदा आणि अमळनेर यांच्या बोलीतला फरक ऐकू येत नाही, त्यानं खान्देशावर मत देण्याआधी थोडं थांबावं, असं मला वाटतं.

आता खुद्द अहिराणी. एक साधं वाक्य घेऊ: "रामना आंडोर सुरतले जाई राहिना." रामाचा मुलगा सुरतेला जातो आहे. 'रामना' ऐकून गुजराती माणसाला 'रामनो' आठवेल. पण 'सुरतले' मधला 'ले' वऱ्हाड्याच्या तोंडी रोजचा आहे. 'जाई राहिना' ही रचना वऱ्हाडीतल्या 'जाऊन राहिला'ची आणि हिंदीतल्या 'जा रहा है'ची सख्खी बहीण. पुण्याची मराठी तशी बोलत नाही. 'आंडोर' हा शब्द प्रमाण मराठीच्या घरात सापडणारच नाही. पाच शब्दांच्या वाक्यात तीन दिशा. दोन भाषांच्या हद्दीवर दोन दिशा सापडाव्यात. जिथं तीन-चार दिशा एका वाक्यात बसतात तो चौक असतो.

ग्रिअर्सनला हे शंभर वर्षांपूर्वी अडचणीत टाकून गेलं होतं. भारतीय भाषांच्या पाहणीत त्यानं खान्देशी, म्हणजे अहिराणी, मराठीच्या खंडात घातली नाही आणि तिला गुजरातीची पोटबोलीही केलं नाही. १९०७ च्या खंडात तिची सोय लावली भिल्ली आणि बंजारीच्या बरोबर. हे वर्गीकरण बरोबर होतं असं मी म्हणत नाही, त्यावर वाद आहेत. पण निदान 'निम्मी गुजराती' म्हणून त्यानं हात झटकले नाहीत.

३. आलेली माणसं

वाटेचा पुरावा जमिनीखालीही आहे. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथं १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळाच्या थरांत माळव्याची खापरं आणि गोदा-प्रवरेकडच्या जोर्वे वळणाची खापरं दोन्ही निघाली. वरच्या थरांत गंगेच्या खोऱ्यातली चकचकीत काळी भांडी. शेजारची पाझरणी म्हणावी तर गंगा कुठं आणि प्रकाशे कुठं. माल फिरत होता, त्यामागं माणसं फिरत होती.

मग आभीर आले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. अहिराणीचं नाव याच आभीरांवरून आलं असं मानतात. १३७० च्या सुमारास फिरोजशाह तुघलकानं मलिक राजाला थाळनेर दिलं आणि फारुकींचं राज्य सुरू झालं. दोनशे वर्षांहून जास्त टिकलं. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडला. या प्रत्येक टप्प्यावर सैन्याबरोबर विणकर, सावकार, फकीर, घोडेवाले आले. घोडेवाले तर अजून येतात: दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, आणि राजस्थान-पंजाब-उत्तर प्रदेशाकडचे व्यापारी आपापले घोडे घेऊन हजर असतात.

पण आजच्या लोकसंख्येची घडण समजायला सगळ्यात महत्त्वाची आहेत ती एकोणिसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. १८०२ साली होळकरांच्या फौजा या मुलखातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. वाट असण्याची किंमत ती हीच: लक्ष्मी ज्या रस्त्यानं येते त्याच रस्त्यानं लुटारू येतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा गावंच्या गावं ओस होती आणि शेतांत रान माजलं होतं. जॉन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं केलं, व्यापारी बोलावले, लांबून कारागीर आणवले. १८२५ मध्ये औट्रमनं धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. घाटाला नाव त्याचंच. म्हणजे आजचं खान्देश हे मोठ्या प्रमाणावर दुसऱ्यांदा वसलेलं खान्देश आहे. ज्याला आपण 'मूळचं' म्हणतो त्यातलं बरंचसं दोनशे वर्षांच्या आतलं आहे.

मग कापूस आणि रेल्वे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि काळ्या जमिनीला एकाएकी मोल आलं. भुसावळ तर रेल्वेनंच मोठं केलं. तिथल्या रेल्वे कॉलनीत कुठल्या प्रांताचा माणूस नव्हता ते सांगणं अवघड. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. काढणारे एम. एच. प्रेमजी, मूळचे कच्छी व्यापारी घराण्यातले. त्याच कारखान्याची पुढं विप्रो झाली. कच्छचं भांडवल आणि खान्देशाचं तेलबी अमळनेरात भेटले, याचं कुणाला तेव्हा नवल वाटलं नाही. नवल वाटायला हद्द आधी मनात असावी लागते.

४. टिकलेली माणसं

इथवर फक्त भूगोल बोलला. पण वाटेनं आलेला प्रत्येक जण सारखाच स्थिरावत नाही, आणि 'मिश्रण' हा शब्द नेमकी हीच गोष्ट झाकतो.

लेवा पाटीदार आणि पावरा आदिवासी यांची तुलना करून पाहा. दोघांच्याही परंपरा पश्चिमेकडे बोट दाखवतात. पावरा आपलं नाव पावागडाशी जोडतात. मूळ एका दिशेचं. पण एकाच्या वाट्याला सातपुड्याच्या पायथ्याचा खोल गाळाचा पट्टा आला, दुसऱ्याच्या वाट्याला सातपुड्याचा चढ. त्या गाळाच्या पट्ट्यात डोंगरावरून उतरणारं पाणी मुरतं, विहिरींना लागतं. त्यावर आधी बागायत, मग केळी, मग ठिबक आणि टिश्यूकल्चरची रोपं, आणि सावदा-रावेरहून थेट दिल्लीकडे जाणारा माल. आज मृगबागेत खोडं लावायला आणि घड उतरवायला पावरा मजूर डोंगरातून खाली येतो. मालकाचे आणि मजुराचे पूर्वज कदाचित एकाच वाटेनं आले असतील. त्यांना वेगळं केलं ते विहिरीनं आणि सातबाऱ्यानं.

आता तापी ओलांडून दक्षिणेला या. शिंदखेडा, साक्रीचा पूर्व भाग, धुळे तालुका: कातळावर पातळ माती, पावसाचा भरवसा नाही. पांझरेच्या काठी मात्र जुनी फड पद्धत होती. छोटा बंधारा, त्यावरून पाट, आणि शेताचे फड पाडून एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी वाटणं सोपं. ज्या गावांत ही व्यवस्था नीट चालली तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हलली नाहीत. जिथं बंधारा नव्हता तिथली हलली. एकाच तालुक्यातली दोन गावं, बोली एक, देव एक, पण एकाची पोरं घरी आणि दुसऱ्याची सुरतेच्या उधन्याला. शेजाराचा सिद्धान्त इथं काय सांगणार?

हलण्याचेही प्रकार दोन. धुळे-नंदुरबारचे आदिवासी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' मोजायचा, उन्हाळा लागेपर्यंत बारडोलीच्या बाजूला पालात राहायचं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात तिथल्या साखर कारखान्यांच्या मजुरांवर लिहिलं, त्यातले मजूर खान्देशातून आलेले होते. बारडोलीत काम करू शकणारे स्थानिक मजूर असताना हे बाहेरून का आणले, या प्रश्नाचं त्याचं उत्तर भूगोलाचं नव्हतं: परक्या मुलखातला, उचलीत अडकलेला माणूस भांडत नाही. दुसरा प्रकार गावातल्या गावातला. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, करार आखाजी ते आखाजी. अक्षय्य तृतीयेला एकीकडे माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत असतात, आणि त्याच दिवशी सालदार कुणाकडून कुणाकडे जाणार हे ठरतं. एकाच सणाला घरी येणं आणि घर बदलणं दोन्ही.

काहींना तर पाण्यानंच हलवलं. १९७२ साली उकाई धरण भरलं आणि पश्चिम खान्देशातली तापीकाठची गावं उठली. नंतर सरदार सरोवरानं अक्कलकुवा-अक्राणीतली नर्मदाकाठची गावं बुडाली आणि डोंगरातली माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली. वीज, पाणी कुणाला आणि हलायचं कुणी, हाही मालकीचाच प्रश्न.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप येईल तो असा की हा भूगोलवाद झाला. डोंगर-नद्यांनी माणसांचं नशीब लिहिलं म्हणण्यासारखं. याचं उत्तर बऱ्हाणपूर देतं. निव्वळ भूगोलाकडे पाहिलं तर खान्देशाचं केंद्र बऱ्हाणपूरच असायला हवं: खिंडीच्या तोंडाशी, तापीच्या काठावर, फारुकींची राजधानी आणि मोगलांचं दख्खनेतलं मोठं ठाणं. मुमताज महल १६३१ मध्ये तिथंच वारली. आज ते मध्य प्रदेशात आहे आणि जळगावच्या शाळकरी पोराला ते आपल्या मुलखाचं होतं हे ठाऊकही नसतं. खिंड जागची हलली नाही. ठाणं धुळ्याला गेलं, मुलुखाची वाटणी झाली, १९०६ ला पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले. भूगोलानं शक्यता दिल्या, निकाल सत्तेनं दिले.

दुसरा आक्षेप: असं तर कुठल्याही प्रदेशाबद्दल म्हणता येईल, स्थलांतर कुठं नाही? खरं आहे, पण प्रकार सारखा नाही. कोकणी माणूस दीडशे वर्षं मुंबईला जातो आणि गणपतीला परततो. ओढ एका दिशेची. खान्देशात एकाच मोसमात माणसं आत येतात आणि बाहेर जातात. केळीच्या पट्ट्यात मजूर उतरत असतो तेव्हाच साक्रीतून ऊसतोडीचे ट्रॅक्टर भरत असतात. जोड शोधायची तर ऱ्हाइनकाठच्या आल्सासची शोधावी. तिथल्या माणसालाही 'निम्मा जर्मन' म्हणून हिणवलं गेलं, पण त्यांच्या मुख्य शहराच्या, स्ट्रासबुर्गच्या, नावाचा अर्थच रस्त्यांवरचं गाव असा आहे. हद्द तिथंही मागाहून आली, आणि वारंवार सरकली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे सगळं इतिहासजमा आहे, शाळा, टीव्ही आणि मोबाइलनं प्रमाण मराठी घराघरात नेली, आता खान्देश महाराष्ट्रासारखाच महाराष्ट्र. यावर जनगणनेचे आकडे बघा. खान्देशी ही मातृभाषा सांगणारे १९९१ मध्ये पावणेदहा लाखांच्या आसपास होते, २००१ मध्ये पावणेएकवीस लाख, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत बोलणारे दुप्पट आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी कमी, असं कुठल्या बोलीचं होतं? लोकांची बोली बदलली नाही, प्रगणकासमोरचं उत्तर बदललं. त्याच २०११ मध्ये जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून लोकसंख्या ७९ लाखांवर होती. घरात अहिराणी आणि कागदावर मराठी लिहिणारे यात किती असतील ते ज्यानं त्यानं आपल्या गल्लीत मोजावं. प्रमाण मराठीनं अहिराणी मारली म्हणण्यापेक्षा अहिराणीवाल्यानं प्रमाण मराठी हा बाहेर घालायचा सदरा करून ठेवला, हे जास्त बरोबर. बोली पुढच्या पिढीत उतरते आहे का हा प्रश्न वेगळा, आणि त्याबाबत मी आशावादी नाही.

६. हद्दीच्या पलीकडचं खान्देश

नवापूरच्या रेल्वे स्टेशनाची गंमत सगळ्यांना माहीत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्यावर मध्ये रेघ आणि दोन बाजूंना दोन राज्यांची नावं. लोक तिथं फोटो काढतात, एकानं इकडं बसायचं, दुसऱ्यानं तिकडं. तापीच्या खोऱ्यातली ही रेल्वे एकोणिसावं शतक संपता संपता पडली, तेव्हा त्या फलाटावर रेघ नव्हती. १९६० मध्ये पश्चिम खान्देशातली काही गावं गुजरातला गेली आणि हद्द स्टेशनातून निघाली. गाडीनं मात्र तिची दखल घेतली नाही. ती जळगाव, अमळनेर, नंदुरबार करत उधन्याला जातच राहिली, आणि लूमवर, डाइंगमध्ये, हिऱ्यांच्या घंटीवर काम शोधणारी पोरं तिच्यातून उतरत राहिली.

उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा. या वस्त्यांत अहिराणी कानावर पडते, महापालिका मराठी शाळा चालवते. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मले आणि गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. 'निम्मी गुजराती' म्हणणाऱ्यांनी कधीतरी उलट बाजूनंही बघावं: सुरतेचा हा भाग किती खान्देशी झाला आहे?

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. त्या आठवड्यात सुरतहून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. नारळाची देवी, नथ, दागिने, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. पण माझं लक्ष असतं ते रोटांच्या गव्हाकडे. अनेक घरांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि तेच दळतात. बायकांच्या नावानं घेत नाहीत, दळतात मात्र त्याच. हा रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. मोजताना म्हातारी नावं घेत जाते: मोठा, धाकटा, मोठ्याचा मुलगा, तो सुरतेला असतो, त्याची मूठ; त्याचं पोरगं, जे जन्मलं लिंबायतला आणि शिकतं गुजराती माध्यमात, त्याचीही मूठ. सरकारच्या जनगणनेत तो पोरगा गुजरातचा. परातीत त्याचा गहू शिंदखेड्याच्या गव्हात पडतो, आणि म्हातारी पुढच्या नावाकडे वळते.